अपक्ष उभा राहिलाय, त्याची कुंडली काढायची म्हणजे नक्की काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: लोकसभेला मतदारसंघात एक तगडा अपक्ष उभा राहतोय, झेडपीचा माजी पदाधिकारी, तिकीट कापलं म्हणून बाहेर पडलेला. विचारणारे दुसऱ्या एका पक्षाच्या उमेदवाराचं काम बघतात. पक्षाच्या उमेदवारावर जसा रिसर्च होतो तसा अपक्षावर करता येतो का, सुरुवात कुठून करायची आणि कायद्यात कुठपर्यंत बसतं? मी बरीच वर्षं वॉर रूममध्ये हेच काम करतोय, त्यामुळे जरा लांबण लावतो, घाई असेल त्यांनी सरळ खालचा ॲफिडेव्हिटचा भाग वाचला तरी चालेल.

आधी आकडे बघा म्हणजे डोकं थंड राहतं. २०२४ च्या लोकसभेला देशभरात ३,९२१ अपक्ष उभे होते, निवडून आले ७, आणि डिपॉझिट गेलं ३,९०५ जणांचं, म्हणजे पडूनही डिपॉझिट वाचवलं अशी माणसं अख्ख्या देशात नऊ. डिपॉझिट लोकसभेला २५ हजार, एससी-एसटी उमेदवाराला साडेबारा हजार, आणि ते परत मिळवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात. त्यामुळे कोणी येऊन म्हणालं की ‘ह्या अपक्षाची सगळी अंडीपिल्ली बाहेर काढा’ की मी पहिलं विचारतो, हा किती मतं घेणार आणि कोणाची घेणार. ह्याचं उत्तर नसेल तर रिसर्च करून उपयोग नाही. पाच हजार मतांच्या माणसावर तुमच्या नेत्याने सभेत एक वाक्य टाकलं की दुसऱ्या दिवशी तो चॅनलवर बाइट देत बसतो, गावात चर्चा सुरू होते की एवढा मोठा माणूस ह्याला घाबरला म्हणजे ह्याच्यात काहीतरी असणार. अपक्षाला प्रसिद्धीचा पैसा नसतो, तो तुम्ही पुरवता.

आता अपक्ष अपक्षात फरक असतो आणि इथेच नवीन पोरांचा घोळ होतो, सगळ्यांना एकाच मापात मोजतात.

एक असतो बंडखोर, म्हणजे कालपर्यंत पक्षातलाच माणूस, कार्यकर्ते तेच, बूथ तेच, फक्त चिन्ह नवीन. तुमचा अपक्ष ह्यातला दिसतोय. सांगली २०२४ आठवा, जागा आघाडीत उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेला गेली, विशाल पाटील लिफाफा घेऊन अपक्ष उभे राहिले आणि भाजपच्या संजयकाका पाटलांना एक लाखाच्या वर मतांनी हरवलं, आघाडीचे अधिकृत उमेदवार चंद्रहार पाटील तिसऱ्या नंबरवर गेले. २००९ ला कोल्हापुरात सदाशिवराव मंडलिकांना राष्ट्रवादीने तिकीट नाकारलं तर ते अपक्ष लढून खासदार झाले. अशा माणसाला तुम्ही ‘बंडखोर’ म्हणालात, ‘गद्दार’ म्हणालात तर त्याचं काम तुम्हीच करताय, कारण त्याची सगळी मोहीम ‘माझ्यावर अन्याय झाला’ ह्या एका गोष्टीवर उभी असते.

दुसरा उभा केलेला. ह्यात नामसाधर्म्यवाला सगळ्यात डेंजर. रायगड २०१४, अनंत गीते फक्त २,११० मतांनी जिंकले, सुनील तटकरे पडले, आणि त्याच मशीनवर सुनील तटकरे नावाचाच आणखी एक अपक्ष होता त्याने ९,८४९ मतं घेतली. त्याच वर्षी छत्तीसगडच्या महासमुंदला भाजपच्या चंदूलाल साहूंच्या विरोधात त्यांच्याच नावाचे दहा जण उभे होते, साहू कसेबसे १,२१७ मतांनी निघाले. मशीनवर फोटो यायला लागले २०१५ पासून, त्याने थोडा फरक पडला पण पूर्ण नाही, कारण आता गोंधळ चिन्हावर सरकलाय. साताऱ्यात २०२४ ला उदयनराजे ३२,७७१ मतांनी आले आणि ट्रम्पेट चिन्हवाल्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली, यादीत त्या चिन्हाचं नाव तुतारी असंच होतं आणि पडलेल्या शशिकांत शिंदेंच्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. ती सगळी मतं चुकूनच पडली असं कोणी सिद्ध करू शकत नाही हे खरं, पण ज्याचा प्रचार कोणी पाहिला नाही अशा माणसाला पस्तीस हजाराच्या वर मतं पडतात तेव्हा डोकं खाजवावं लागतंच. असल्या अपक्षाच्या कॅरेक्टरवर रिसर्च करून काय मिळणार? तिथे मतदाराला आपलं बटण कितव्या नंबरला आहे हे पाठ करून घ्यायचं, बस. नाव सारखं आहे म्हणून उभं राहू नको असं कोणाला म्हणता येत नाही, मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने असल्या याचिकेत हात घालायला नकार दिला होता.

तिसरा आंदोलनातून आलेला. निजामाबाद २०१९ ला हळद आणि लाल ज्वारीच्या भावासाठी शेतकऱ्यांनी घाऊक फॉर्म भरले, उमेदवार झाले १८५, मशीनला बारा-बारा बॅलट युनिट जोडावी लागली आणि तिथल्या विद्यमान खासदार के. कविता पडल्या. १९९६ ला नलगोंडाला तर ४८० उमेदवार होते, तिथे प्रश्न फ्लोराइडच्या पाण्याचा होता. ह्यातल्या कोणाचाही सातबारा काढून काही हाती लागत नाही, तिथे रिसर्चचा विषय त्यांची मागणी असते, ती कधीपासून आहे, तुमच्या पक्षाने त्यावर काय बोलून ठेवलंय आणि काय केलं नाही. आणि चौथे हौशी, दर निवडणुकीला फॉर्म भरणारे, त्यांच्यासाठी एकच काम: निवडणूक आयोगाची अपात्र लोकांची यादी चेक करा. खर्चाचा हिशोब वेळेत दिला नाही की लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०अ खाली तीन वर्षांसाठी अपात्र करता येतं आणि ह्या मंडळींना हिशोब द्यायचा असतो हेच लक्षात राहत नाही. पाच मिनिटांचं काम आहे, तरी लोक करत नाहीत.

तर तुमचा बंडखोर. पहिलं काम फॉर्म २०. हा मतदान केंद्रनिहाय निकाल असतो, मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर पीडीएफ मिळतो, बऱ्याचदा वाकडा स्कॅन केलेला, आकडे हाताने टाइप करावे लागतात. मागच्या लोकसभेचा आणि विधानसभेचा फॉर्म २० घ्या, त्याच्या झेडपीच्या गटातले निकाल तालुक्यातून मिळवा आणि शेजारी शेजारी ठेवा. मतदान केंद्राचे नंबर दर निवडणुकीला बदलतात, त्यामुळे नंबरावर जोडू नका, गावाच्या आणि शाळेच्या नावावर जोडा, नाहीतर सगळा तक्ता खोटा निघेल आणि तुम्हाला कळणारही नाही. ह्यातून कळतं की त्याची स्वतःची मतं किती आणि पक्षाची किती. झेडपीला निवडून आलेला माणूस स्वतःला अख्ख्या तालुक्याचा नेता समजतो, प्रत्यक्षात त्याच्या गटाबाहेर एक गाव गेलं की मतं निम्म्यावर येतात. लोकसभेत सहा विधानसभा असतात, त्याचा जोर एकात असेल आणि तिथे तो तुमच्या विरोधकाचीच मतं खात असेल तर तुम्ही त्याच्यावर तोफा कशाला डागताय? उलट त्याला उभा राहू द्या. मी स्वतः पाहिलेल्या बऱ्याच मोहिमांत रिसर्च इथेच संपायला हवा होता आणि तो पुढे चालू राहिला तो फक्त नेत्याच्या रागापायी.

समजा तो तुमचीच मतं खातोय. मग ॲफिडेव्हिट.

फॉर्म २६, म्हणजे उमेदवारी अर्जासोबतचं हेच ॲफिडेव्हिट, अपक्षालाही तसंच भरावं लागतं, सवलत काही नाही. पॅन, मागच्या पाच वर्षांचं रिटर्नमधलं उत्पन्न, स्वतःचं, बायकोचं किंवा नवऱ्याचं, अवलंबितांचं, जंगम, स्थावर, कर्ज, सरकारी थकबाकी, परदेशातली मालमत्ता, चालू केसेस, शिक्षा झालेल्या केसेस, उत्पन्नाचा सोर्स, सरकारी कंत्राटं, शिक्षण, अगदी सोशल मीडियाची अकाउंट्ससुद्धा. अपक्षाची गोम अशी की त्याच्याकडे पक्षाचा वकील सेल नसतो, फॉर्म शेवटच्या दिवशी कोणीतरी ओळखीचा वकील भरून देतो आणि त्यात चुका राहतात. पण चूक आणि लपवाछपवी ह्यात फरक करायला शिका, नाहीतर तोंडावर पडाल.

हे कसं बघायचं ते एका कागदावर सांगतो. ॲफिडेव्हिटमध्ये शेतीचे गट नंबर असतात, ते घेऊन महाभूमीवरून सातबारा काढा, आणि नाव बघून थांबू नका, खाली ‘इतर हक्क’ रकाना बघा. तिथे बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा चढलेला दिसतो. आता ॲफिडेव्हिटमध्ये कर्जाच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिलंय आणि इथे पंधरा लाखाचा बोजा, की नवीन पोरगा उड्या मारायला लागतो, ‘सर सापडलं!’. थांबा. खेड्यात कर्ज फेडून वर्षं होतात तरी बोजा कमी करायची नोंद कोणी टाकत नाही, तलाठ्याकडे खेटे कोण मारणार. त्यामुळे फेरफार काढा, बोजा कधी चढला ते बघा, कर्ज खरंच चालू आहे का ते संस्थेच्या वार्षिक अहवालात किंवा वसुलीच्या केसमध्ये दिसतंय का बघा. ते सगळं जुळलं तर तुमच्याकडे काहीतरी आहे. नाही जुळलं तर तो कागद फाइलमध्ये ठेवा आणि गप्प बसा, कारण त्याने उद्या बँकेचा नो ड्यूज दाखला फेसबुकवर टाकला की तुमचा उमेदवार खोटारडा आणि तो बिचारा.

असंच आधीच्या ॲफिडेव्हिटशी तुलना करताना. झेडपीला भरलेलं राज्य निवडणूक आयोगाकडे, विधानसभा लढला असेल तर ते केंद्रीय आयोगाकडे. ‘संपत्ती पाच वर्षांत चौपट’ ही बातमी पेपरवाल्यांना फार आवडते पण वडिलोपार्जित जमीन तीच असेल आणि फक्त बाजारभाव बदलला असेल तर त्यात काही दम नाही, तुमच्या उमेदवाराचीही तशीच वाढलेली असते आणि तो तेच काढेल. मी बघतो ते वेगळं, आधीच्या यादीत असलेली कुठली गोष्ट ह्या यादीत गायब झाली. विकली असेल तर इंडेक्स टू मध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या दस्ताच्या गोषवाऱ्यात दिसेल कोणाला विकली, आणि कितीला. बक्षीसपत्र झालं असेल तर कोणाच्या नावे. गायब झालेल्या वस्तूमागे वाढलेल्या वस्तूपेक्षा जास्त गोष्टी असतात.

आणि कोर्ट कुठे काय म्हणतं ते माहिती असू द्या. अंबरनाथमधून २००४ ला निवडून आलेल्या किसन कथोरेंची निवड पुढे रद्द झाली, वीजबिलाची थकबाकी, पत्नीच्या नावची मालमत्ता असली माहिती दिली नव्हती म्हणून, आणि सुप्रीम कोर्टाने २०१४ ला ते कायम केलं. तिथून लोकांना वाटलं की काहीही लपवलं की गेलाच. मग २०२४ ची कारिखो क्रींची केस आली. अरुणाचलच्या तेजूतून २०१९ ला निवडून आलेले हे अपक्षच आमदार, बायको-मुलाच्या नावावरच्या तीन गाड्या दाखवल्या नाहीत म्हणून हायकोर्टाने निवड रद्द केली होती. गाड्या कुठल्या तर एक स्कूटी, एक ओम्नी, एक मोटरसायकल, त्यापण आधीच देऊन टाकलेल्या, फक्त आरटीओत नाव बदललं नव्हतं. सुप्रीम कोर्टाने निवड परत दिली आणि सांगितलं की उमेदवाराने घरातली प्रत्येक जंगम वस्तू सांगितलीच पाहिजे असं नाही, वस्तूची किंमत आणि त्यातून राहणीमानाबद्दल काही कळतं का हे बघायचं, महागड्या घड्याळांचा संग्रह लपवला तर तो वेगळा विषय. त्यामुळे ‘ह्याने जुनी बाइक लपवली’ हा शोध लावून कोणाकडे जाऊ नका.

रकाने रिकामे सोडले असतील तर मात्र छाननीलाच बोला. २०१३ पासून कायदा स्पष्ट आहे, रिकामा रकाना चालत नाही, अधिकाऱ्याने आठवण करून द्यायची आणि तरी भरला नाही तर अर्ज बाद होऊ शकतो. पण लिहिलेलं खरं का खोटं ह्याची चौकशी निवडणूक निर्णय अधिकारी छाननीत करत नाही, तिथे आरडाओरडा करण्यात अर्थ नाही. तुम्ही उलट प्रतिज्ञापत्र देऊ शकता, तेही मूळ ॲफिडेव्हिटसारखंच लोकांसाठी लावलं जातं. हा रस्ता फार कमी लोक वापरतात, मला तर तो प्रेस कॉन्फरन्सपेक्षा बरा वाटतो कारण शपथेवर लिहायचं म्हटलं की आपल्याच लोकांची जीभ जाग्यावर येते आणि अर्धे आरोप आपोआप गळतात.

केसेससाठी ई-कोर्ट्सवर नावाने शोधा, पण मराठी नावांची इंग्रजी स्पेलिंग चार प्रकारे होतात, वडिलांचं नाव असेल नसेल, सगळी उलटसुलट करून बघा. आणि एक गोष्ट, गुन्हे असलेल्या उमेदवाराला ते तीन वेळा पेपरात आणि टीव्हीवर जाहीर करावे लागतात, अपक्ष हे पैसे वाचवायला टाळतात किंवा कोणी वाचत नाही अशा पेपरात कोपऱ्यात देतात. आंदोलनाच्या केसेस, रास्ता रोको, जमावबंदी, ह्या मात्र काढू नका, ग्रामीण भागात ते मेडल असतं.

सहकारातला माणूस असेल, आणि झेडपीवाला म्हणजे बहुतेक असतोच, तर पतसंस्था, दूध संघ, कारखाना, जिथे जिथे संचालक होता तिथले लेखापरीक्षण अहवाल बघा. सहकार कायद्याच्या कलम ८३ ची चौकशी लागली होती का, कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित झाली का. ठेवीदारांचे पैसे अडकलेली पतसंस्था असेल तर बाकी सगळा रिसर्च एका बाजूला आणि हा एका बाजूला, कारण त्या ठेवीदारांच्या घरात हा विषय रोज असतो. पण तिथेही लक्षात ठेवा, चौकशी लागली म्हणजे दोषी नाही, कलम ८३ आणि ८८ ह्यात जमीन अस्मानाचा फरक आहे आणि तुमचा वक्ता स्टेजवर दोन्ही एकच करून टाकणार, म्हणून त्याला लिहूनच द्या.

आता मागे कोण आहे. अपक्ष म्हटला की गावात पहिला प्रश्न हाच असतो, ‘ह्याला कोणी उभा केलाय?’, आणि खरं सांगायचं तर रिसर्चचाही मुख्य प्रश्न हाच. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर सही करणारा एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि ते त्याच मतदारसंघातले मतदार असावे लागतात. ती दहा नावं म्हणजे फुकट मिळालेला नकाशा. कोण कुठल्या सोसायटीचा चेअरमन, कोण कोणाचा पाहुणा, कोण मागच्या वेळी कुठल्या उमेदवाराचा पोलिंग एजंट होता. एका ठिकाणी आम्ही दोन उमेदवारांची ॲफिडेव्हिट समोरासमोर ठेवली होती, स्टॅम्प व्हेंडर एकच, नोटरी एकच, रजिस्टरचे नंबर लागून, आणि टाइप करतानाची चूकसुद्धा दोन्हीकडे सारखी, दोन्हीत ‘अवलंबित’ चुकीचं. पोरं म्हणाली झालं, सेटिंग पकडलं. पण कलेक्टर ऑफिसच्या बाहेर नोटरी बसतात किती, आणि त्या दिवसात सगळे तिथेच जातात, एकच टायपिस्ट सगळ्यांच्या फॉर्मात तीच फाइल कॉपी करतो. ते फक्त पुढे बघायला सांगणारा इशारा होता. पुरावा लागतो तो गाड्यांचा आणि एजंटांचा: अपक्षाच्या नावाने परवानगी घेतलेल्या गाडीत दुसऱ्याच उमेदवाराचं साहित्य, मतमोजणीला अपक्षाचे एजंट दुसऱ्याच्या टेबलावर. असं सापडलं तर खर्च निरीक्षकाला लेखी द्या, फोटो-व्हिडिओ जोडून. डमी उमेदवार ठरला तर त्याचा खर्च ज्याच्यासाठी तो काम करतोय त्याच्या खात्यात धरता येतो, आणि मोठ्या राज्यात ९५ लाखाची मर्यादा असताना हे मूळ उमेदवाराला झोंबतं. शिवाय अपक्षाला स्टार प्रचारकाची सवलत नसते, त्याचं सगळं त्याच्याच खर्चात येतं, त्यामुळे त्याचं खर्चाचं रजिस्टर आणि रस्त्यावर दिसणारा प्रचार ह्यातली तफावत लवकर कळते. रजिस्टर प्रचारकाळात तीनदा तपासायला लागतं, प्रत मागता येते. मेटाच्या ॲड लायब्ररीत त्याच्या जाहिरातीखाली पैसे कोणी भरले तेही दिसतं, कधी कधी तिथे असं नाव निघतं की सगळं चित्र स्वच्छ होतं.

अपक्षाला सगळ्यात अवघड जाणारा प्रश्न मात्र कागदात सापडत नाही, तो म्हणजे ‘निवडून आल्यावर कुठे जाणार?’ राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाप्रमाणे, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, अपक्ष निवडून आलेला माणूस नंतर कुठल्याही पक्षात गेला तर अपात्र होतो, पाठिंबा देऊ शकतो, प्रवेश करू शकत नाही. विशाल पाटलांनी निकालानंतर काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र दिलं ते त्यामुळेच. नवनीत राणा २०१९ ला अमरावतीतून अपक्ष आल्या तेव्हा पाठिंबा काँग्रेस-राष्ट्रवादीचा होता, लोकसभेत त्या मोदी सरकारच्या बाजूने राहिल्या आणि २०२४ ला भाजपच्या तिकिटावर लढून पडल्या. म्हणजे मतदाराने दिलेलं मत शेवटी कोणाच्या खात्यात जातं हा प्रश्न कायदेशीर आहे, सभ्य आहे, आणि बंडखोराला दोन्ही बाजूंनी अडवतो: जुन्या पक्षाकडे जाणार म्हणाला तर तिकीट कापणाऱ्यांचीच चाकरी, नाही म्हणाला तर जुना कार्यकर्ता नाराज. त्याच्या मागच्या दोन-तीन वर्षांतली भाषणं आणि पोस्ट काढा, कोणाबद्दल काय बोलला ते तारखेसकट लावा. ह्याच्यापुढे त्याच्या सातबाऱ्याचं काही वाटत नाही मला.

राणांचीच दुसरी बाजू पण बघा. जात प्रमाणपत्राचा मुद्दा, हायकोर्टाने जून २०२१ मध्ये प्रमाणपत्र रद्द केलं, दंडही लावला, आणि ४ एप्रिल २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ते परत वैध ठरवलं, ऐन निवडणुकीत. ज्यांनी हायकोर्टाचा निकाल अंतिम समजून भाषणं लिहून ठेवली असतील त्यांना ती एका दिवसात फेकावी लागली असतील. अपिलात असलेल्या गोष्टीवर मोहीम बांधू नये ती ह्याच्यासाठी.

कायद्याची रेघ कुठे? लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(४): उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने कोणी, समोरच्याच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल खोटं आणि स्वतःला खोटं वाटत असलेलं किंवा खरं वाटत नसलेलं विधान प्रसिद्ध केलं आणि त्याने त्याच्या निवडणुकीवर परिणाम होण्यासारखा असेल, तर ते भ्रष्ट आचरण, निवडून आलेली जागा जाऊ शकते. आचारसंहिता म्हणते टीका धोरण, काम आणि मागच्या रेकॉर्डवर करा, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खाजगी आयुष्यावर नको. पत्रक छापलं तर कलम १२७अ प्रमाणे मुद्रक-प्रकाशकाचं नाव पत्ता हवाच, निनावी पत्रकं वाटणारे उत्साही कार्यकर्ते इथेच अडकतात. टीव्हीवरच्या आणि सोशल मीडियावरच्या पेड जाहिरातीला आधी एमसीएमसीचं, म्हणजे जाहिराती तपासणाऱ्या समितीचं सर्टिफिकेट. कॉल रेकॉर्ड ‘मिळवून देतो’ म्हणणारा कोणी आला तर त्याला चहाही पाजू नका, तो सरळ गुन्हा आहे आणि तोच माणूस समोरच्यालाही तुमचे रेकॉर्ड विकत असतो. घटस्फोट, आजारपण, पोरांचे फोटो, ह्या गोष्टींना आमच्याकडे फाइलच नसते. सगळं नीतिमत्तेपोटीच असं नाही, गावात ह्याचा उलटाच परिणाम होतो हे बघून झालंय.

वेळेचं गणित फार वाईट असतं. अधिसूचनेपासून सात दिवस अर्ज, दुसऱ्या दिवशी छाननी, मग दोन दिवसात माघार, आणि माघारीनंतर मतदानाला कमीत कमी चौदा दिवस. माघारीच्या दुपारपर्यंत ह्या अपक्षाला कोणीतरी बसवायचा प्रयत्न करणारच, त्याआधी त्याच्यावर जाहीर काही बोलू नका, बसणारा माणूसही अपमान झाला म्हणून अडून बसतो. माहिती अधिकाराला ३० दिवस, म्हणजे निवडणूक लागल्यावर अर्ज टाकून काही येणार नाही. सहकार खात्याचे अहवाल, झेडपीतल्या कामांची देयकं, टेंडरं ही तुमच्यासारख्यांनी सहा महिने आधी मागून ठेवायची असतात, जेव्हा तो अजून पक्षातच असतो आणि तिकिटाच्या रांगेत असतो. तिकीट कोणाकोणाचं कापलं जाऊ शकतं ते जिल्ह्यात सगळ्यांना माहितीच असतं.

तुमच्या हातात आत्ता तेवढा वेळ नाही असं धरून सांगतो, दोन माणसं फॉर्म २० वर बसवा, एक वकील ॲफिडेव्हिटवर, आणि तालुक्यातला एक जुना, शक्यतो कोणावर राग नसलेला माणूस त्या दहा सूचकांवर. तीन दिवसात कळेल हा तुमची मतं खातोय की नाही. खात नसेल तर तिथेच फाइल बंद. खात असेल तर एक, फार तर दोन मुद्दे, कागदासकट, आणि ते तुमच्या उमेदवाराच्या तोंडून नको, दुसऱ्या फळीतल्या कोणाच्या तरी. मूळ कागदांच्या प्रमाणित प्रती मात्र निकालानंतरही टाकून देऊ नका, निकालापासून हिशोब द्यायला ३० दिवस असतात आणि हायकोर्टात निवडणूक याचिका टाकायला ४५, ती तुम्ही टाका किंवा तो टाको, दोन्ही वेळा त्याच प्रती लागतात.